पाळी : स्वच्छता शिकवली, वेदनेचे काय?

2018 हे साल आपल्याकडे मासिक पाळीच्या दृष्टीने बरेच गाजले. फेब्रुवारीत आर. बाल्की यांचा ‘पॅडमॅन’ हा हिंदी चित्रपट आला. 8 मार्चला महाराष्ट्र शासनाने ‘अस्मिता’ योजना सुरू केली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट 5 रुपयांत देण्याचे ठरवले. त्याच वर्षी दहावीच्या वर्गात ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2’ हे नवे पाठ्यपुस्तक आले. त्याच्या ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग 2’ या प्रकरणात पाळीचे चक्र संप्रेरकांच्या नावांसह दिले होते. जुलैत वस्तू व सेवा कर परिषदेने नॅपकिनवरचा 12 टक्के कर काढून टाकला. ज्या विषयावर घरात ‘कावळा शिवला’ म्हणून पडदा टाकला जाई, तो पडद्यावर, अंदाजपत्रकात आणि पाठ्यपुस्तकात आला.

हे सगळे स्वागतार्हच होते आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवून वाचल्या, की एक चमत्कारिक उणीव जाणवते. त्यांत रक्त आहे, बीजांड आहे, संप्रेरके आहेत, पॅड आहे, लाज सोडण्याचा उपदेश आहे. पाळी आली की जिला ओटीपोट धरून बाकावर डोके टेकावे लागते, ती मुलगी मात्र त्यांत जवळजवळ नाही. आपण पाळीला स्वच्छतेचा प्रश्न मानले आणि पुनरुत्पादनाचा धडा मानले. ती काही मुलींच्या बाबतीत वेदनेचा प्रश्न असते, आणि त्यातल्या काहींच्या बाबतीत एका आजाराची पहिली खूण असते, हे शाळेत कोणी सांगतच नाही. या लेखात पाठ्यपुस्तक, चित्रपट आणि योजना यांची परीक्षा एवढ्या एकाच प्रश्नावर घ्यायची आहे.

पाठ्यपुस्तक काय सांगते?

आधी जमेची बाजू पाहू. 2007 साली आपल्या राज्यात किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर मोठा गदारोळ झाला होता आणि तो कार्यक्रम थांबवावा लागला होता. त्यानंतर अकरा वर्षांनी आलेल्या या पुस्तकाने मुलगे आणि मुली एकत्र बसलेल्या वर्गात पाळी ही नैसर्गिक प्रक्रिया आहे असे स्पष्ट म्हटले. 28 ते 30 दिवसांचे चक्र सांगितले. पुटिका ग्रंथी संप्रेरक, ल्युटीनायझिंग संप्रेरक, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही चार नावे दिली. गर्भाशयाचे अस्तर कसे वाढते आणि गर्भधारणा झाली नाही तर ते रक्ताबरोबर कसे बाहेर पडते, हेही सांगितले. मंडळाच्या परीक्षेसाठी का होईना, हजारो शिक्षकांना हे शब्द फळ्यावर लिहावे लागले. ही लहान गोष्ट नाही.

पण या प्रकरणाची नजर एकाच दिशेला आहे. चक्र कशासाठी, तर गर्भधारणेसाठी. त्यामुळे पाळीचे वर्णन संपले की पुस्तक काचनलिकेतील फलन, सरोगसी, वीर्यपेढी, जुळी अपत्ये अशा पुढच्या मुक्कामांकडे निघते. दहावीतली मुलगी सरोगसीची व्याख्या पाठ करते. दर महिन्याला तिच्या स्वतःच्या पोटात कळा का येतात, हे मात्र तिला कळत नाही. वेदनेचा विचार विश्रांतीच्या सल्ल्यापलीकडे जात नाही. किती दुखणे नेहमीचे आणि किती दुखले तर डॉक्टरकडे जायचे, ही सीमारेषा पुस्तकात नाही. शिवाय बहुतेक मुलींना पाळी 12-13 व्या वर्षी सुरू होते, आणि हे प्रकरण हाती येते 15 व्या वर्षी. म्हणजे उत्तर प्रश्नानंतर दोन-तीन वर्षांनी येते आणि तेही अर्धेच.

सर्वांत मोठी अडचण ‘नैसर्गिक’ या शब्दाची आहे. हा शब्द विटाळाच्या कल्पनेविरुद्ध वापरला, तेव्हा तो उपयोगी होता. तोच शब्द वेदनेला लावला की घात होतो. पाळी नैसर्गिक आहे, म्हणून पाळीतले दुखणेही नैसर्गिक आहे, म्हणून ते सोसायचे. या साखळीतली दुसरी कडीच कच्ची आहे. दात येणे नैसर्गिक आहे, पण दाढ सुजून ताप आला तर आपण दंतवैद्याकडे जातो. वर्गात अनुमानाचे दोष शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

गाळलेले विज्ञान

पाळीत पोट का दुखते, याचे उत्तर विज्ञानाला माहीत आहे आणि ते दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल असे आहे. चक्राच्या शेवटी प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण घसरते. त्यामुळे गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. ती गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतात आणि तिथल्या रक्तवाहिन्याही आवळतात. आकुंचन जोराचे असले, की स्नायूला रक्त आणि प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. हीच रसायने रक्तात मिसळून आतड्यांवरही परिणाम करतात. म्हणून काही मुलींना त्या दिवशी जुलाब, मळमळ, उलट्या होतात.

वर्गात हे करून दाखवता येते. एक हात डोक्यावर सरळ उंच धरायचा, दुसरा खाली सोडायचा आणि दोन्ही मुठी एकाच वेगाने उघड-मीट करायच्या. वरचा हात आधी भरून येतो आणि दुखू लागतो, कारण त्याला रक्तपुरवठा कमी मिळतो. काम करणाऱ्या स्नायूचे रक्त तोडले की तो दुखतो, हे मुलग्यांनाही पटते. दुखणे ‘मनाचे’ नसते, हेही त्यातून न बोलता कळते.

हे ज्ञान फार जुने नाही. ब्रिटनमधील व्ही. आर. पिकल्स यांनी 1957 मध्ये पाळीच्या स्रावात स्नायूंना आकुंचन पावायला लावणारा पदार्थ असल्याचे दाखवले. तो प्रोस्टाग्लँडिनचा प्रकार असल्याचे पुढे निश्चित झाले. 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात हे सिद्ध केले, आणि 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक आम्ल ही औषधे पाळीच्या दुखण्यावर का चालतात, त्याचे कारण हेच. ती दुखणे सुरू होताच, खाऊन घेतलेली बरी, असेही याच विज्ञानातून समजते; कारण रसायन तयार होऊन गेल्यावर ते रोखण्यात अर्थ उरत नाही. गरम पाण्याची पिशवी हा आजीचा उपायही अभ्यासांत टिकला आहे.

मात्र औषध दुकानातून गोळीचे नाव सांगून आणणे ही आपल्याकडची सवय धोक्याची आहे. मेफेनॅमिक आम्लाने क्वचित एक गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर 2023 च्या अखेरीस दिला होता. म्हणून गोळी कोणती, किती आणि कुणाला, हे डॉक्टरांनी एकदा ठरवून द्यावे. शिक्षकांनी आपल्या पर्समधली गोळी मुलीला देऊ नये.

दुसऱ्या प्रकारचे दुखणे

आता सीमारेषेकडे येऊ. वर सांगितलेले साधे दुखणे बहुधा पाळी सुरू झाल्यावर सहा महिने ते वर्षभराने, म्हणजे बीजांडे नियमित सुटू लागल्यावर सुरू होते. ते स्रावाच्या आसपास येते, एक ते तीन दिवसांत ओसरते आणि योग्य औषधाने आटोक्यात येते. बहुसंख्य मुलींचे दुखणे हेच असते.

काही मुलींचे दुखणे असे वागत नाही. ते महिन्यागणिक वाढत जाते. पाळीच्या काही दिवस आधीच सुरू होते किंवा पाळी संपली तरी रेंगाळते. शौचाला किंवा लघवीला जाताना दुखते. गोळीने थांबत नाही. दर महिन्याला शाळा बुडते. अशा वेळी एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर किंवा गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या खोबणीत वाढतात, तेव्हा त्या आजाराला हे नाव देतात. या पेशीही महिन्याच्या संप्रेरकांना प्रतिसाद देतात. तिथे दाह होतो, व्रण पडतात, आतले अवयव एकमेकांना चिकटू शकतात आणि पुढे काहींना गर्भधारणेत अडचण येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील प्रजननक्षम वयाच्या सुमारे 10 टक्के स्त्रिया आणि मुलींना, म्हणजे सुमारे 19 कोटी जणींना हा आजार आहे. या पेशी बाहेर कशा जातात, यावर अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी 1927 मध्ये एक उपपत्ती मांडली होती. पाळीचे थोडे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते, त्याबरोबर या पेशीही जातात आणि तिथे रुजतात, अशी ती उपपत्ती. पण असा उलटा स्राव बहुतेक स्त्रियांमध्ये होतो आणि आजार मात्र थोड्यांनाच होतो. तेव्हा आनुवंशिकता, रोगप्रतिकार शक्ती असे आणखी काही धागे असले पाहिजेत. विज्ञानात एक उत्तर अर्धेच कसे ठरते, ते या उदाहरणाने छान दाखवता येते.

हा आजार फक्त तिशीच्या विवाहित स्त्रियांचा, असे पूर्वी समजले जाई. आता तसे म्हणता येत नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने डिसेंबर 2018 मध्ये काढलेल्या मतपत्रिकेनुसार, वेदनाशामके आणि संप्रेरकांचे उपचार करूनही ज्या किशोरींचे दुखणे थांबत नाही, त्यांची दुर्बिणीने तपासणी केली तर किमान दोन तृतीयांश मुलींमध्ये एंडोमेट्रिओसिस सापडते. आपल्या पाठ्यपुस्तकाच्याच वर्षी ही पत्रिका आली. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते, ते वर्गापर्यंत आले नाही.

इथे घरात नेहमी बोलल्या जाणाऱ्या एका वाक्याकडे लक्ष द्यायला हवे. मुलगी कळवळली की आई म्हणते, “मलाही असंच व्हायचं, लग्न झालं की थांबतं.” यातला पहिला भाग दिलासा म्हणून सांगितला जातो, वैद्यकाच्या दृष्टीने ती महत्त्वाची माहिती आहे. आईला किंवा बहिणीला एंडोमेट्रिओसिस असेल, तर मुलीला तो असण्याची शक्यता जास्त असते. जे वाक्य तपासणी टाळण्यासाठी वापरले जाते, तेच तपासणीचे कारण असू शकते. दुसरा भाग चुकीचा आहे. लग्न किंवा बाळंतपण हा या आजाराचा उपचार नाही. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर उपचार म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये असे सांगितले आहे.

पॅडने काय सुटते?

‘पॅडमॅन’ हा कोइंबतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम यांच्या जीवनावर बेतलेला चित्रपट. स्वस्त पॅड तयार करण्यासाठी त्यांनी उपहास सोसला आणि यंत्र बनवले, ही गोष्ट खरोखर प्रेरक आहे. विज्ञानप्रयोगाचा ध्यास म्हणून ती वर्गात सांगण्यासारखी आहे. पण चित्रपटाच्या रचनेतच एक मर्यादा आहे. स्त्रीचा त्रास म्हणजे अस्वच्छ कापड, आणि सुटका म्हणजे वस्तू. वस्तू हाती आली की प्रश्न मिटला. वेदना हा त्याचा विषयच नाही.

जाहिराती याच्या पुढे जातात. निळे पाणी ओतून पॅड किती शोषते ते दाखवायचे आणि मग पांढऱ्या पोशाखातल्या मुलीला पळायला, नाचायला, उड्या मारायला लावायचे. ज्या मुलीला पाळीत पळता येत नाही, तिने त्यातून काय समजायचे? पॅड तर आहे. मग आपणच कमी पडतो, असेच ना? आमच्या उपनगरांतल्या कित्येक शाळांत वर्षातून एकदा कंपनीचे प्रतिनिधी येतात, मुलींना सभागृहात नेतात, मुलग्यांना मैदानावर पाठवतात, तासाभरात पॅड कसे बदलायचे ते दाखवून एकेक पाकीट देतात. त्या तासात “मला खूप दुखतं” असे विचारायला जागा नसते, कारण त्यावर विकण्याजोगे काही त्यांच्या पिशवीत नसते.

‘अस्मिता’ आणि करमाफी या दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या. पण योजनेचे यश पाकिटांच्या संख्येत मोजले गेले, की शाळेला वाटते आपले काम झाले. किती मुलींची दर महिन्याला एकाच सुमारास गैरहजेरी लागते, हे हजेरीपटात आधीच लिहिलेले असते. ती माहिती कोणी वाचत नाही.

अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड

खेड्यात सोयी नसतात, म्हणून तिथे असे होते, असे आपल्याला वाटते. मुंबईच्या उपनगरांत सोयींची ओरड करता येणार नाही. घाटकोपरला राजावाडी, विलेपार्ल्याजवळ कूपर, कांदिवलीला शताब्दी अशी महापालिकेची रुग्णालये आहेत. परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे आणि तिथले संशोधक एंडोमेट्रिओसिसवर कामही करतात. बोरिवली किंवा मुलुंडहून परळ लोकलने तासाभराच्या आत येते.

तरीही मुलगी तिथे पोहोचत नाही, याची कारणे अंतरात नाहीत. ‘स्त्रीरोग विभाग’ या पाटीखाली अविवाहित मुलीला बसवायला आई कचरते. चाळीतले कोणी पाहील, पुढे लग्नाच्या वेळी विषय निघेल. सकाळची रांग म्हणजे आईच्या एका दिवसाच्या मजुरीचा खाडा. कुटुंबाचे डॉक्टर इंजेक्शन देऊन परत पाठवतात. कोणी सोनोग्राफी करून घेतलीच, तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ येतो आणि घरचे म्हणतात, पाहा, काही नाही. किशोरवयात या आजाराचे ठिपके बहुधा वरवरचे, पारदर्शक किंवा लालसर असतात. सोनोग्राफीत ते सहसा दिसत नाहीत. ‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विज्ञानाच्या शिक्षकाने तरी ठामपणे सांगायला हवे.

मार्च 2024 मध्ये मालाडमधील एका शाळकरी मुलीने आत्महत्या केल्याचे वृत्त आले. पहिल्या पाळीतल्या वेदनेने आणि त्याविषयीच्या अपुऱ्या माहितीने ती तणावाखाली होती, असे पोलिसांच्या हवाल्याने छापले गेले. आत्महत्येला एकच कारण क्वचितच असते, आणि बाहेरच्या माणसाने निदान करत बसू नये. पण त्यानंतरची चर्चा पाहिली, तर पुन्हा तेच दिसते: पाळीबद्दल मुलींशी बोला, लाज सोडा, स्वच्छता शिकवा. वृत्तात ‘वेदना’ हा शब्द होता. चर्चेत तो फारसा उरला नाही. दुखणाऱ्या मुलीला ‘हे नैसर्गिक आहे’ एवढेच सांगितले, तर तिच्या कानाला ते ‘हे आता कायमचे आहे’ असे ऐकू येऊ शकते. तिला सांगायचे ते असे, की याला कारण आहे, औषध आहे, आणि औषधाने थांबले नाही तर पुढची तपासणी आहे. (मुलगी मनाने खचलेली दिसली, तर ‘टेलि-मानस’चा 14416 हा शासकीय क्रमांक शिक्षकांच्या खोलीत लावून ठेवावा.)

न विचारण्याची किंमत

स्त्रिया दुखणे सांगत नाहीत, म्हणून ते नसते, या समजुतीला महाराष्ट्रातच धक्का बसला होता. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी दर स्त्रीला 3.6, आणि त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. कोणी विचारले नव्हते, म्हणून कोणी सांगितले नव्हते.

दुसरे टोक बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात, अशा बातम्या आल्यावर 2019 मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे कामाचा खाडा, दंड, कर्करोगाची भीती, खाजगी दवाखान्यांचे अर्थकारण अशी अनेक कारणे होती. पण त्यात एक धागा आपल्या विषयाचा आहे: दुखण्याला आधी वर्षानुवर्षे काहीच उत्तर मिळाले नाही, आणि मिळाले ते अवयव काढून टाकण्याचे.

पाठ्यपुस्तकात एक नाव असण्याने काय होते, हे इंग्लंडमधील एका लेखिकेच्या उदाहरणावरून कळते. बुकर पारितोषिक दोनदा मिळवणाऱ्या हिलरी मँटेल यांना तरुणपणी असेच दुखत असे. डॉक्टरांनी ते मनाचे दुखणे ठरवून मानसोपचाराची औषधे दिली. पुढे बोट्स्वानात राहत असताना त्यांनी एका वैद्यकीय पुस्तकात आपली लक्षणे वाचली आणि आपल्या आजाराचे नाव स्वतःच शोधले. लंडनला निदान पक्के झाले, पण तोवर उशीर झाला होता. 27 व्या वर्षी त्यांचे गर्भाशय आणि बीजकोश काढावे लागले. 2003 च्या आत्मकथनात त्यांनी हे लिहिले आहे. ते पान त्यांच्या हाती शाळेत पडले असते तर, असा प्रश्न पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

मुली घाबरतील का?

या मागणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आजाराचे नाव घेतले तर प्रत्येक मुलीला तो आपल्यालाच आहे असे वाटेल. हे काही दिवस होईलही. पण क्षयरोगाचा धडा शिकवल्यावर प्रत्येक खोकला क्षयाचा वाटतो, म्हणून आपण तो धडा गाळत नाही. ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला’ अशी खूण सांगतो. इथेही खूण सांगायची आहे. ती सांगितली, तर बहुसंख्य मुलींना आपले दुखणे साधे आहे हा धीरच मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बीडचे उदाहरण समोर असताना मुलींना दवाखान्यांच्या दारात उभे करायचे का? गरज नसलेल्या शस्त्रक्रियेची भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय अज्ञान हा नाही. 2022 च्या युरोपीय सूचनांनुसार उपचार सुरू करण्यापूर्वी दुर्बिणीची तपासणी व्हायलाच हवी असे नाही. आधी औषधे देऊन पाहता येतात. ती औषधे म्हणजे वेदनाशामके आणि प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके. पाठ्यपुस्तकाच्या चार नावांतले एक नाव इथे औषध म्हणून भेटते. ‘अविवाहित मुलीला संप्रेरकाच्या गोळ्या कशाला’ म्हणून नकार देणाऱ्या पालकांना हा संबंध समजावून सांगणे जीवशास्त्राच्या शिक्षकाला जितके जमेल, तितके गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातल्या डॉक्टरला जमणार नाही.

एक परिच्छेद हवा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने नव्याने लिहिली जात आहेत. टीका करून थांबण्यापेक्षा त्यात काय यावे ते लिहून दाखवलेले बरे. दहावीची वाट न पाहता सातवी-आठवीच्या पुस्तकात असा एक परिच्छेद पुरेल:

“पाळीच्या वेळी गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात, त्यामुळे ओटीपोटात दुखू शकते. शेक, हालचाल आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध यांनी ते कमी होते. दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, औषधाने थांबत नसेल, दुखणे वाढत जात असेल, पाळी नसतानाही ओटीपोटात दुखत असेल किंवा शौचाला-लघवीला जाताना दुखत असेल, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजाराने असे होऊ शकते. 15 व्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल आणि दर महिन्याला पोटात कळा येत असतील, तरीही तपासणी आवश्यक आहे. क्वचित रक्ताचा मार्ग जन्मतः बंद असतो.”

पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकांना थांबण्याची गरज नाही. मुलींना आपल्या वहीच्या मागच्या पानावर तीन-चार महिन्यांची नोंद ठेवायला सांगता येते: पाळीची तारीख, दुखणे शून्य ते दहापैकी किती, कोणती गोळी घेतली, तिने थांबले का, त्या दिवशी शाळा बुडली का. ही वही शिक्षकांनी तपासायची नाही. ती मुलीची आणि तिच्या डॉक्टरची. “खूप दुखतं” या शब्दांना दवाखान्यात दोन मिनिटे मिळतात, पण चार महिन्यांच्या तक्त्याकडे डॉक्टरला पाहावेच लागते. निरीक्षण आणि नोंद ही विज्ञानाची पहिली पायरी आपण एरवी तापमापी आणि पर्जन्यमापी घेऊन शिकवतोच.

शारीरिक शिक्षणाच्या सरांनी ‘कारणे सांगू नकोस’ म्हणण्याआधी बाईंना विचारावे. पालकसभेत आईला एकटीला बाजूला घेऊन “तुम्हालाही असं व्हायचं का?” असे विचारावे, आणि उत्तर ‘हो’ आले तर ते डॉक्टरांना सांगायला सुचवावे. निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. फळा वाचता न येणाऱ्या मुलाला आपण चष्म्याच्या डॉक्टरकडे पाठवतो तेव्हाही आपण निदान करत नसतो; जे रोज दिसते ते योग्य माणसापर्यंत पोहोचवत असतो. दर महिन्याला दोन दिवस रिकामा राहणारा बाकही रोजच दिसतो.